कागदावर न उतरलेलं दार

आमच्या गटात अध्यक्ष निवडून येत नसे. ज्याच्याकडे प्रोजेक्टर, तो अध्यक्ष. तो प्रोजेक्टर स्कूटरवर दोन पायांच्या मधे धरून आणायचा, वाटेतल्या प्रत्येक गतिरोधकाला शिव्या द्यायचा, आणि पोचल्यावर आधी यंत्र चालतंय का बघून मग आम्हाला रामराम करायचा. महिन्यातला दुसरा रविवार, सकाळी दहाची वेळ. चिकलठाण्याच्या कारखान्यांत संगणकावर ड्रॉइंग काढणारे आम्ही लोक. कोणी साचे काढी, कोणी मशीनचे सुटे भाग, एकजण बिल्डरकडे इमारतींचे नकाशे. सॉफ्टवेअर सगळ्यांचं एकच, म्हणून हा गट. आठवडाभर ज्या पडद्याकडे बघून डोळे लाल करायचे, त्याच पडद्याकडे सुट्टीच्या दिवशी हौसेनं बघायला जाणारी ही माणसं. माझी बायको म्हणायची, "दारूचं व्यसन परवडलं. पिलेला माणूस निदान झोपतो तरी."

बैठकीत काय चालायचं हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. एखादा नवीन शॉर्टकट दाखवायचा आणि बाकीचे "हात्तिच्या, हे तर आम्ही कधीपासून करतो" म्हणायचे. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की तिला नावं ठेवायची आणि जुनी किती चांगली होती याचे गोडवे गायचे. ती जुनी आली तेव्हा तिलाही आम्हीच नावं ठेवली होती. शहराचं नाव बदललं तेव्हा सगळ्या जुन्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यातला पत्ता एका झटक्यात कसा बदलायचा यावर एक अख्खा रविवार गेला. तीन रीती निघाल्या, तिघांचं तीन दिशांना तोंड, आणि शेवटी ज्यानं त्यानं घरी जाऊन एकेक पत्ता हातानं बदलला.

पण बैठकीचा खरा जीव होता तो पंचनाम्यात. शेवटच्या तासाला कोणा एकाचं ड्रॉइंग भिंतीवर लावायचं आणि सगळ्यांनी मिळून त्यातल्या चुका काढायच्या. ज्याचं ड्रॉइंग त्यानं तोंड उघडायचं नाही, आणि त्या दिवशीचे भजे त्यानंच आणायचे. शिवाय सगळं भिंतीवर. कागद आणायचा नाही. कागद म्हणजे जुन्या लोकांचं काम, असा आमचा तोरा होता. भिंतीवर चित्र केवढं तरी मोठं दिसतं, बारकीतली बारकी रेघ बोटानं दाखवता येते, मग कागद कशाला नासायचा?

मला हा तास फार आवडायचा. मला चुका दिसतात. कोणाच्या घरी गेलो की भिंतीवरची तसबीर कोणत्या बाजूला कलली आहे हे मला पाण्याचा पेला हातात यायच्या आत कळतं. लग्नात अंतरपाट तिरपा धरलाय असं भटजींना सांगणारा नवरा आपल्यालाच कसा मिळाला, असं बायको अजून विचारते. पंचनाम्यात मात्र या खोडीला मान होता.

माझा मित्र कारखान्यात माझ्या शेजारच्याच टेबलावर बसायचा. गाव पिशोर, कन्नडच्या पुढे. तिथं थोरला भाऊ शेती बघायचा आणि आई त्याच्याकडे राहायची. आईचे गुडघे गेलेले. गावच्या घरात संडास-न्हाणी अंगणापलीकडे, आणि पहाटे अंगण ओलांडताना ती एकदा पडली, मग आणखी एकदा पडली. दुसऱ्या वेळी मनगट मोडलं. मित्रानं चिकलठाण्याच्या पुढे घेऊन ठेवलेल्या प्लॉटवर त्याच वर्षी घर काढायचं ठरवलं. कोणी विचारलं की सांगायचा, "आईचं पडणं बंद करायचंय." हॉल केवढा, किचन कसं, यात त्याला फारसा रस नव्हता. आईच्या खोलीतून न्हाणीघरात जायला चार पावलं लागावीत, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

आतली मांडणी त्यानं स्वतः काढली आणि पंचनाम्याला आणली. घराचा नकाशा म्हटल्यावर आम्ही तुटूनच पडलो. मशीनच्या भागांवर बोलायला अक्कल लागते, घरावर कोणीही बोलतं. देवघर इकडे, जिना तिकडे, गॅसची टाकी बाहेर. मित्र नियमाप्रमाणे तोंड मिटून बसला होता. मग बिल्डरकडे काम करणाऱ्यानं भिंतीवर बोट ठेवलं. आईची खोली आणि न्हाणीघर यांच्यात एकच भिंत होती, पण न्हाणीघराचं दार होतं पलीकडच्या बोळात. म्हणजे आईनं खोलीतून निघायचं, अख्खा हॉल ओलांडायचा, बोळात वळायचं आणि मग आत जायचं. तो म्हणाला, "अरे, ह्याच भिंतीत दार द्या की. पलंगावरून उठली की आत." सगळ्यांनी एकदम मान डोलावली. मित्रानं नियम मोडून तोंड उघडलं आणि म्हणाला, "द्या. आत्ताच द्या."

आणि आम्ही तिथंच दिलं. सॉफ्टवेअरमध्ये दाराचं तयार चित्र असतं. ते उचलून भिंतीवर ठेवलं की मागची भिंत झाकून टाकतं. कीबोर्डवर आम्ही आळीपाळीनं बसत होतो, त्यामुळे ते दार नेमकं कोणी ठेवलं यावर पुढे बराच वाद झाला. कोणी का ठेवेना, भिंतीवर ते झकास दिसत होतं. मित्राचे डोळे भरून आले होते. त्या दिवशी त्यानं भज्यांबरोबर इमरतीही आणली.

इथं थोडं कामाचं सांगितलं पाहिजे. या सॉफ्टवेअरमध्ये ड्रॉइंग अनेक थरांत असतं. काचेवर काच ठेवावी तसे थर. एकावर भिंती, एकावर दारं, एकावर मापं. त्यातला एक थर सॉफ्टवेअर स्वतःच तयार करतं, आपल्या आतल्या खुणांसाठी. त्यावर ठेवलेलं पडद्यावर नीट दिसतं, पण प्रिंट काढली की कागदावर उमटत नाही. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला हे माहीत असतं आणि प्रत्येकजण यात एकदा तरी फसलेला असतो. आईचं दार त्या थरावर पडलं होतं. आम्ही सगळ्यांनी ते भिंतीवर पाहिलं, तपासलं आणि पसंत केलं. कागद कोणी पाहिलाच नाही, कारण कागद पाहायचा नाही हा आमचाच नियम.

मित्रानं सोमवारी दुकानातून प्रिंट काढून परस्पर गवंड्याकडे पाठवली. मग कंपनीनं त्याला नव्या मशीनच्या कामाला चाकणला धाडलं. महिना-महिना तो तिकडेच. आला तेव्हा भिंती उभ्या होत्या, गिलावा झाला होता, न्हाणीघराला फरशीही बसली होती. आईच्या खोलीत उभा राहून त्यानं गवंड्याला विचारलं, "दार कुठंय?" गवंड्यानं कागद पुढे केला. कागदावर सलग भिंत होती.

पुढच्या बैठकीत तो तणतणत आला. आम्ही ड्रॉइंग लावलं, तर दार भिंतीवर जिथल्या तिथं. अध्यक्षानं थर उघडून पाहिले आणि कपाळावर हात मारला. मग काय झालं? आम्ही हसलो. वाईट भावनेनं नव्हे. ओळखीची ठेच दुसऱ्याला लागली की माणूस हसतो तसे. मित्रही हसला. म्हणाला, "राहू द्या. नवी फरशी आत्ताच कशाला फोडायची? पुढे बघू." फोडणं म्हणजे धूळ, आवाज, पुन्हा मजूर. वास्तुशांतीचा मुहूर्त तोंडावर आला होता आणि आई पिशोरहून निघायच्या तयारीत होती. ते "पुढे" मग पुढेच राहिलं.

याच सुमारास आमची जागा गेली. आम्ही एका कॉम्प्युटर क्लासच्या खोलीत जमत असू. कोरोनात तो क्लास बंद पडला तो पडलाच, आणि तिथं व्यायामशाळा झाली. गट बुडतो की काय अशी वेळ आली तेव्हा मित्र म्हणाला, "माझा हॉल आहे की. केवढा मोठा झालाय." हॉल मोठा होता हे खरं. एका बाजूची भिंत कोरी पांढरी, प्रोजेक्टरसाठीच बांधल्यासारखी. आम्ही आठ-दहा जण हॉलभर प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसायचो, पाय पसरायचो, वायरी आडव्यातिडव्या टाकायचो. मागच्या भिंतीच्या डाव्या टोकाला आईच्या खोलीचं दार, त्याला पडदा. उजव्या टोकाला बोळ आणि बोळात न्हाणीघर. मधे आम्ही.

ही जागा लाभली, असं आम्ही म्हणायचो. बैठक दीड तासाची असायची ती आता जेवणवेळेपर्यंत लांबू लागली. वहिनी, म्हणजे मित्राची बायको, मधे चहा आणायच्या. नवीन कोणी आला की त्याला दाराची गोष्ट सांगायचो, धडा म्हणून. अध्यक्ष ती रंगवून सांगायचा. थर कुठला, दार कसं दिसत होतं, गवंड्यानं कागद कसा पुढे केला. नवीन माणूस हसायचा, आम्हीही पुन्हा हसायचो. आणि ज्यांच्या दाराची ही गोष्ट, त्या आई पडद्यामागे पलंगावर बसून ऐकत असायच्या.

आई बाहेर फारशा यायच्या नाहीत. फक्त मधूनच पडदा थोडा बाजूला व्हायचा आणि त्या विचारायच्या, "अजून किती येळ हाय रं बाबा, बैठकीला?"

"झालीच आई, अर्धा तास," आमच्यातलं कोणीतरी सांगायचं. आमचा अर्धा तास कधी अर्ध्या तासाचा नसायचा. थोड्या वेळानं पुन्हा पडदा हलायचा. "झाली का?"

आम्हाला याचं कौतुक वाटायचं. म्हाताऱ्या बाईला आमच्या कामात केवढा रस! अध्यक्षानं तर एकदा आईंना मानद सभासद करून घ्यायचा ठराव मांडला आणि तो टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर झाला. चहा त्या घ्यायच्या नाहीत. वहिनी कप घेऊन आत जायच्या आणि तसाच परत आणायच्या. "पित्त व्हतं मला," असं आतून ऐकू यायचं.

बैठक संपली की आम्ही खुर्च्या एकात एक सरकवायला लागायचो, आणि तेवढ्यात आई काठी टेकत खोलीतून निघायच्या. जरा घाईनंच. आम्हाला वाटायचं, निरोप द्यायला येताहेत. मग आम्ही त्यांच्याभोवती उभे राहायचो. एकेकजण पाया पडायचा. अध्यक्ष कन्नडचाच जावई, तो हमखास विचारायचा, "काय म्हणतंय पिशोर, आई? कापूस काय भावानं गेला औंदा?" आई काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या राहायच्या आणि उत्तर द्यायच्या. कापसाचं, पावसाचं, थोरल्या सुनेचं. कधी कधी मीच कापसाचा विषय वाढवायचो, कारण आई बोलायच्या छान आणि मला त्यांची भाषा ऐकायला आवडायची. शेवटी त्या म्हणायच्या, "बरं, सावकाश जा रं बाबांनो," आणि आम्ही बाहेर पडलो की दार लोटून घ्यायच्या. किती अगत्यानं निरोप देतात, असं आम्ही गल्लीत उभं राहून एकमेकांना सांगितलेलं मला आठवतं.

असं किती रविवार चाललं हे मोजायची माझ्यात हिंमत नाही.

एका उन्हाळ्यात आईंना ताप भरला. उतरेना तेव्हा दवाखान्यात ठेवलं. मी आणि अध्यक्ष मोसंबी घेऊन भेटायला गेलो. आई झोपल्या होत्या, मित्र औषधं आणायला खाली गेला होता. वहिनी बाहेर येऊन आमच्यापाशी बाकावर बसल्या. त्या एरवी आमच्याशी चहापाण्यापलीकडे बोलायच्या नाहीत.

"भाऊजी, एक सांगू का?" त्या म्हणाल्या. "राग मानू नका."

"बोला ना."

"डॉक्टर म्हणाले, आई पाणी कमी पितात आणि लघवी धरून ठेवतात. त्यानं हे इन्फेक्शन झालंय. मी म्हटलं, असं कसं? मी तर तांब्या भरून ठेवते. मग काल आईंनाच खोदून विचारलं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "बैठक असली की त्या आदल्या रात्रीपासून पाणी तोडतात. चहा घेत नाहीत. म्हणाल्या, 'एवढ्या बाप्यांच्या मधून काठी टेकत कशी जाऊ? पाय धड उचलंना. अन् मोरीत गेल्यालं सगळ्यांला ऐकू येतं.'"

अध्यक्ष म्हणाला, "अहो, पण एक शब्द सांगायचा. आम्ही उठलो असतो."

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाल्या, 'लेकाचे दोस्त हायेत. त्यायला उठा कसं म्हणू? त्याला किती बरं वाटतं ते आले म्हंजी.'"

मोसंब्यांची पिशवी माझ्या मांडीवर होती. ती कोणाकडे द्यायची तेही मला सुचेना. पडदा बाजूला करून विचारलेलं ते "अजून किती येळ" मला एकदम ऐकू आलं, आणि त्या घाईघाईनं निघायच्या तेही डोळ्यांपुढे आलं. आयुष्यभर अंधार बघून घराबाहेर गेलेली बाई. तिला घरात आणलं, आणि तिच्या वाटेत खुर्च्या मांडून आम्ही दिवसाउजेडी बसलो. वर तिला सभासद केलं.

"त्याला सांगितलंत?" मी मित्राबद्दल विचारलं.

"सांगितलं, कालच," वहिनी म्हणाल्या.

मित्र औषधं घेऊन वर आला. आमच्याकडे बघून त्यानं मान हलवली आणि सरळ आत गेला. त्यानं आम्हाला अजूनही दोष दिलेला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दवाखान्यातून आई थेट पिशोरला गेल्या. थोरला भाऊ जीप घेऊन आला होता. "थोडे दिस तिकडं ऱ्हाते, मोकळं वाटंल," एवढंच त्या म्हणाल्या. त्या गेल्यावर मित्रानं गवंडी बोलावला. मी रजा टाकून गेलो, का ते मला सांगता येणार नाही. माझा तिथं काही उपयोग नव्हता. गवंड्यानं दुपारी भिंतीला घण लावला आणि चहाच्या वेळेला पलीकडचा नळ दिसू लागला. चौकट, फरशीचे तुकडे, रंग धरून आठवड्यात दार तयार. एवढंच काम होतं. एवढ्याशा कामासाठी आम्ही वर्षं घालवली होती. मी आणि मित्र धुळीत उभे होतो आणि दोघंही त्या भोकाकडे बघत होतो.

बैठक पुन्हा भरली नाही. कोणी बंद केली असंही नाही. दुसरी जागा बघू, असं अध्यक्ष म्हणाला, पण बघितली नाही कोणी. मोबाइलवर गट अजून आहे. त्यावर सकाळी फुलं येतात आणि सणाला पणत्या. एखादा नवा मुलगा विचारतो, साहेब, पडद्यावर दिसतंय पण प्रिंटमध्ये येत नाही, काय करू? पूर्वी अशा प्रश्नावर दहा जण तुटून पडले असते. आता बराच वेळ कोणी उत्तर देत नाही, आणि मग कोणीतरी एका ओळीत थराचं नाव लिहून टाकतं.

मला त्या बैठकांची आठवण येते आणि आली की लाज वाटते. दोन्ही एकदम होतं. चुकीचा थर कोणाच्याही हातून निवडला जातो, त्याचं मला फारसं काही नाही. दुसऱ्याच्या ड्रॉइंगमधली केसाएवढी फट मला दिसायची, आणि माझ्यासमोर काठीवर दोन्ही हात दाबून उभी असलेली बाई मला दिसली नाही. तिला मी कापसाचा भाव विचारत राहिलो. ते मनातून जात नाही.

मागच्या दिवाळीत आई चार दिवस आल्या होत्या. मी फराळाचा डबा घेऊन गेलो. हॉल आता नुसताच मोठा वाटतो. मित्र आणि मी दोन खुर्च्यांवर बसलो, वहिनींनी चकल्या आणल्या. आम्ही कारखान्यातलं काहीबाही बोलत होतो.

तेवढ्यात आईच्या खोलीचा पडदा बाजूला झाला. आई काठी टेकत उंबऱ्यात आल्या. खूप वाळल्या होत्या. मला पाहिलं आणि थांबल्या.

"बैठक हाय का आज?" त्यांनी विचारलं.

"नाही आई. मी एकटाच आलोय. भेटायला."

"अस्सं," म्हणाल्या, आणि तिथंच उभ्या राहिल्या.

मित्र हळू आवाजात म्हणाला, "आई, तिकडून दार आहे ना आता. खोलीतूनच." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "रोज सांगतो. तिच्या ध्यानातच राहत नाही. पायांना हाच रस्ता पाठ झालाय."

"व्हय, हाय की दार," आई म्हणाल्या. पण वळल्या नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या.

मी बशी खाली ठेवली आणि उठलो.

"अरे, कुठं चाललास?" मित्रानं विचारलं.

मी चपला घातल्या, बाहेर ओट्यावर गेलो, दार ओढून घेतलं आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो. थोड्या वेळानं मित्रही माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. आतून काठीचा आवाज येत होता, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तो थांबेपर्यंत आम्ही दोघंही तिथंच उभे राहिलो.